खोली मोडायचा दिवस

केडगावात गोजरबाईच्या चाळीत खोली मिळाली असं कुणी सांगितलं, की ऐकणारा आधी म्हणायचा, "नशीबवान आहेस," आणि मग तोंडावर हात धरून हसायचा. हसण्यासारखं भाड्यात काही नव्हतं, ते आसपासच्यापेक्षा कमीच होतं. पाण्याची टाकी मोठी, अंगण रोज झाडलेलं, दारात कडुलिंबाची सावली. मालकीणबाई तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. हसू होतं ते अकराव्या महिन्याचं.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करायचा, हा रिवाज काही गोजरबाईनं काढला नाही. तो सगळीकडेच आहे. मुदत संपली की लोक नवा कागद करतात, सह्या होतात, आणि भाडेकरू आहे तिथंच पाय पसरून राहतो. गोजरबाईला ही फसवाफसवी वाटायची. कागद संपला म्हणजे खोली रिकामी झाली पाहिजे, आणि रिकामी म्हणजे खाटेपासून खराट्यापर्यंत रिकामी. भाडेकरूनं आपला सगळा संसार उचलून तिच्या ओसरीवर आणून रचायचा. मग ती खोली झाडायची, आपलं कुलूप घालायची, आणि एक रात्र ती खोली तशीच बंद ठेवायची. दुसऱ्या दिवशी नवा कागद व्हायचा, आणि तोच भाडेकरू तीच भांडीकुंडी घेऊन त्याच खोलीत परत जायचा. या सोहळ्याला ती 'खोली मोडणं' म्हणायची.

"सलग ऱ्हानं तुटलं पायजे," ती नव्या भाडेकरूला समजावून सांगायची. "सलग ऱ्हायला, का कूळ लागलं!"

हे कुळाचं भूत तिच्या सासऱ्याच्या काळातलं. सासरे रंगनाथ म्हणजे केडगावातले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. विहिरीखालचा मळा त्यांनी दुसऱ्याला कसायला दिला होता. कुळकायदा आला, सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव चढलं आणि मळा त्याचा झाला. खरं बोलायचं तर त्यात अन्याय काही नव्हता, वर्षानुवर्षं घाम गाळला होता तो त्यानंच. पण रंगनाथांच्या ते जिव्हारी लागलं. म्हातारपणी ते रोज दिवस कलताना त्या मळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि एक शब्द न बोलता परत यायचे. गोजरबाई तेव्हा नवी सून होती. सासऱ्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना तिनं त्यांचा तो चेहरा रोज पाहिला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड सासऱ्याचं पोळलं होतं आणि फुंकर सून घालत होती.

पुढं पुणे रोड रुंद झाला, ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, आणि गोजरबाईच्या नवऱ्यानं उरलेल्या तुकड्यावर ही चाळ बांधली. तो गेल्यावर कारभार तिच्याकडे आला. मुलगा आदिनाथ नळाचं सामान विकतो. त्याला आईच्या या रिवाजाची लाज वाटायची. एकदा त्यानं तिला वकिलाकडे नेलं. वकिलानं चांगलं समजावलं, की शेतीचं कूळ वेगळं आणि खोलीतला भाडेकरू वेगळा, दोघांचे कायदे वेगळे, आणि एक रात्र कुलूप घातल्यानं त्यात तिळभरही फरक पडत नाही. गोजरबाईनं शांतपणे ऐकलं, चहा घेतला, वकिलाच्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि घरी येऊन त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची खोली मोडली. पालथ्या घड्यावर पाणी!

आता एवढा त्रास असून भाडेकरू टिकायचे कसे, तर त्यामागं दुसरी गंमत होती. खोली मोडली त्या रात्री भाडेकरू गोजरबाईच्या घरी पाहुणे असायचे. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, वर तुपाची धार. बाईमाणूस असलं तर खणानारळानं ओटी. एमआयडीसीतली एकटी पोरं तर अकराव्या महिन्याकडे डोळे लावून बसायची. कुणीतरी या दिवसाला दुसरी दिवाळी असं नावही ठेवलं होतं, आणि ते कानावर आल्यावर गोजरबाई आतून सुखावली होती. कायद्याचंही पाळलं आणि माणुसकीचंही, असा तिचा हिशेब होता.

या चाळीत आरती आणि तिची आई मुक्ताबाई राहायला आल्या. आरती नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मायलेकी मूळच्या पाथर्डीकडच्या, आणि मुक्ताबाईचं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दिवाळी झाली की कोयता घेऊन कोपरगावकडे कारखान्यावर जायचं, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत राहायचं, हंगाम संपला की कोपी मोडून गावाकडे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आरती वसतिगृहात राहून शिकली, नोकरीला लागली, आणि पहिलं काम तिनं काय केलं तर आईच्या हातातला कोयता काढून घेतला.

शहरात खोली शोधताना मात्र तिच्या नाकी नऊ आले. लोक आधी आडनाव विचारायचे, मग जेवणखाण विचारायचे, मग रातपाळी ऐकून एकमेकांकडे बघायचे, आणि "घरात विचारून सांगतो" म्हणायचे. ते सांगणं कधीच यायचं नाही. गोजरबाईनं यातलं काहीच विचारलं नाही. "अकरा म्हैन्यांनी खोली मोडावी लागंल, चालंल का?" एवढंच विचारलं, आणि किल्ली काढून आरतीच्या हातावर ठेवली.

मुक्ताबाई आणि गोजरबाई यांचं मेतकूट जमायला फार दिवस लागले नाहीत. एक जमीनवाली आणि एक जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीतला ऊस तोडलेली, पण दोघी विधवा, दोघींचे गुडघे दुखणारे, दोघींना चहात साखर जास्त लागायची. सकाळी भाजी निवडायला एकत्र, दुपारी टीव्हीसमोर एकत्र. मुक्ताबाईची हुलग्याची शेंगोळी खाऊन गोजरबाईनं कबूल केलं की आपल्याला जन्मात अशी जमली नाहीत. गोजरबाईनं कुणाला असं कबूल करावं, ही केडगावात बातमीच होती. आदिनाथ दुकानात असायचा, सून शाळेत शिकवायला जायची. घरात दिवसभर बोलायला मुक्ताबाई आली आणि गोजरबाईची दुपार सरायला लागली.

दोनदा खोली मोडून झाली. तिसऱ्या खेपेचा दिवस जवळ आला होता, तेव्हा एके सकाळी आदिनाथ चहा पिता पिता म्हणाला, "आई, आरती भिंगारला खोली बघून आली म्हनं."

गोजरबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. "कशापायी? इथं काय कमी हाय?"

"मला काय ठाऊक? तिच्या बरोबरच्या नर्सनं सांगितलं दुकानात. पाच वर्सांचा करार करून द्यायलेत तिथं."

"भाडं?"

"इथल्यापेक्षा जास्तच."

हे काही गोजरबाईच्या डोक्यात शिरेना. जास्त भाडं देऊन, दवाखाना लांब करून, माणूस भिंगारला कशाला जाईल? तिला वाटलं, पोरीचे कुणीतरी कान भरले असणार. मुक्ताबाईला विचारावं म्हणून ती दोनदा उठली आणि दोनदा परत बसली. विचारलं आणि ती 'व्हय' म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं होतं. पण भाजी निवडताना तिचं लक्ष लागेना, मेथीच्या काड्या भांड्यात आणि पानं केरात जायला लागली.

त्याच सुमारास महापालिकेनं एक सभा ठेवली. शहरात घरं महाग झाली, भाडी परवडेनात, त्यावर काय करावं हे लोकांनीच सुचवावं, अशी दवंडी रिक्षावरून फिरली. केडगावची सभा शाळेच्या हॉलमध्ये, दुपारची. गोजरबाईला वाटलं, ही आयती संधी आहे. आपण घरमालक आणि भाडेकरू दोघांचं भलं करणारी रीत इतकी वर्षं चालवतो, ती सरकारच्या कानावर घालावी. शिवाय चार लोकांत मुक्ताबाईच्या तोंडून चाळीचं कौतुक झालं, की भिंगारचं खूळही आपोआप उतरेल. तिनं नवीन इरकली लुगडं काढलं, मुक्ताबाईला बरोबर घेतलं आणि दोघी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

सभेत सूचनांचा नुसता पाऊस. एक बिल्डर म्हणाला, मजले वाढवू द्या, घरं आपोआप स्वस्त होतील. त्याच्या मागचा माणूस म्हणाला, आहेत त्या मजल्यांवर पाणी चढत नाही, त्याचं आधी बघा. एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले फ्लॅट वर्षानुवर्षं बंद आहेत, त्यांच्यावर जादा कर बसवा म्हणजे कुलपं निघतील. टाळ्या पडल्या, फक्त बिल्डरच्या रांगेत पडल्या नाहीत. एका मुलीनं सांगितलं, की नोकरी करणाऱ्या बायकांसाठी दवाखान्यांच्या आणि एमआयडीसीच्या जवळ पालिकेनंच भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट घेऊन बसलेल्यांना आपली घरं कायदेशीर करून हवी होती. व्यासपीठावरचे साहेब सगळ्यांना मान डोलवत होते आणि शेजारचा कारकून लिहून घेत होता.

गोजरबाई उभी राहिली. माईक तिनं लाटणं धरावं तसा घट्ट धरला.

"सायेब, माझं ऐका. मालकाला भ्या वाटतं म्हनून तो खोली देत न्हाई. केडगावात निम्मी घरं भ्यानं बंद हायेत. अन् भाडेकरूला वाटतं आपल्याला हाकलत्याल. दोघांवर उपाव हाय. अकरा म्हैन्यांनी एक रात खोली मोडायची. भाडेकरूनं समदं सामान भायेर काढायचं. त्या राती मालकानं त्याला जेवू घालायचं, पुरनपोळी. सकाळी पुन्ना आत. मालकाचं भ्या गेलं, भाडेकरूची जागा ऱ्हायली. मी इतकी वर्सं करतीय, आजपातुर भांडान न्हाई. खोटं वाटत आसंल तर ही बाई बसलीय, हिला इचारा. सांगा वो मुक्ताबाई, काय तरास हाय का?"

हॉलमध्ये हशा पिकला, पण तो मायेचा हशा होता. साहेबही हसले आणि म्हणाले, "सांगा आजी."

मुक्ताबाईच्या हातात माईक आला. चार लोकांत बोलायची तिला सवय नव्हती. खोटं बोलायची तर त्याहून नव्हती.

"तरास काई न्हाई," ती म्हणाली. "बाई लई मायाळू हायेत. पोटभर जेवू घालत्यात, वटी भरत्यात." गोजरबाई सभेकडे वळून बघायला लागली, ऐका म्हणून. "पन ती पोळी मला गोड लागत न्हाई."

गोजरबाईची मान जागीच थांबली.

"म्या ऊसतोडीला जायचे. हंगाम सरला, का मुकादम आमाला जेवान द्यायचा. गोडाधोडाचं. अन् दुसऱ्या दिशी कोप्या मोडायच्या. समद्या जन्मात जवा जवा कुनी गोड जेवू घातलं, तवा दुसऱ्या दिशी बिऱ्हाड उचलावं लागलं. लेक म्हनली, आई, आता शहरात ऱ्हायचं, आता कोपी न्हाई. म्या म्हनलं बरं झालं. हितं आले, तर हितं बी अकरा म्हैन्याला खाट भायेर. सकाळी परत आत जायाचं हाय हे ठावं असतंय मला. पन त्या राती काळीज ऐकत न्हाई, सायेब. दोन म्हैने आधीपासून म्या भांडी घासून गाठोड्यात बांधून ठिवते." ती थांबली आणि गोजरबाईकडे न बघता म्हणाली, "बाईंचा दोष न्हाई. मलाच तसली सवं लागली."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. कारकुनानं यातलं काय लिहून घेतलं असेल ते त्यालाच ठाऊक.

रिक्षात दोघी दोन बाजूंना तोंड करून बसून आल्या. घरी आल्यावर गोजरबाई आधी चिडली. चिडणं तिला सोपं जायचं. "माझी पोळी गोड लागत न्हाई म्हनं! चार लोकांत!" असं तिनं सुनेला, आदिनाथला आणि मांजराला सांगून झालं. मग दोन दिवस ती भाजी निवडायला अंगणात आलीच नाही. मुक्ताबाई आपली पायरीवर बसायची, वाट बघायची आणि उठून आत जायची.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई चालत मळ्याकडे गेली. मळा आता कुठला, तिथं बंगल्यांची रांग आहे. ज्या कुळाची ती जमीन झाली होती, त्याची नातवंडंही ती विकून पांगली. एका बंगल्याच्या कुंपणाला टेकून ती उभी राहिली आणि सासऱ्यांना आठवत राहिली. इतकी वर्षं तिला त्यांचा चेहराच आठवायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं एक वाक्य आठवलं, जे ते एरवी घरात वरचेवर म्हणायचे: "दरसाल कसनारा बदलायला हवा हुता." म्हणजे त्या माणसानं पीक काढलं, की त्याला उठवायचं, आणि दुसरा आणायचा. असं झालं असतं तर मळा राहिला असता. आणि तो माणूस? तो कुठं राहिला असता, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. गोजरबाईनंही नाही. तिला मुक्ताबाईचं ते गाठोडं दिसायला लागलं, दोन महिने आधीपासून बांधलेलं, आणि ज्या घरात आपण हक्कानं चहा मागून प्यायचो तिथं ते आपल्याला कधी दिसलं नाही, याची तिला फार लाज वाटली. ती तिथंच पदरानं डोळे पुसत राहिली.

रात्रीच्या जेवणाला तिनं आदिनाथला सांगितलं, "त्या वकिलाला म्हनावं पाच वर्सांचा कागद कर. नोंदनीचा. आरतीच्या नावानं."

आदिनाथचा घास हातातच राहिला. "भूत उतरलं का काय?"

"उतरलं न्हाई. हाय तितंच हाय," गोजरबाई म्हणाली. "पन त्याच्यासाठी मुक्ताबाईची खाट किती येळा उचलायची?"

नोंदणीच्या कामाला वेळ लागतो. तारीख मिळाली ती नेमकी खोली मोडायच्या दिवसानंतरची. गोजरबाईला वाटलं, कागद हातात पडला की मगच सांगू, रिकाम्या हातानं कशाला जायचं. आणि या अडाणी मानापायी सगळंच हातचं जायची वेळ आली. कारण त्या दिवशी सकाळी ती पूजा आटोपून बाहेर येते तो काय, चाळीच्या तोंडाशी टेम्पो उभा. मुक्ताबाईची खाट अंगणात आलेली. गाठोडी ओळीनं मांडलेली. आरती शेवटचा डबा घेऊन दारातून बाहेर पडत होती.

गोजरबाई तरातरा गेली आणि खाटेवर बसली. नुसती बसली नाही, मांडी घालून बसली.

"मावशी," आरती खाली मान घालून म्हणाली, "सांगणार होते. धीर झाला नाही. भिंगारला खोली बघितलीय. आईला आता हे सोसत नाही."

"मला ठाव हाय. ही खाट आत ने."

"मावशी, पण टेम्पो..."

"टेम्पोवाल्याला च्या पाजते मी. पाच वर्सांचा कागद सांगितलाय तुज्या नावानं. आदिनाथला इचार. आता खोली मोडायची न्हाई."

आरती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. बोलली ती मुक्ताबाई.

"अन् कूळ लागलं म्हंजी?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांच्या सोबतीत गोजरबाईचं भय तिलाही आपलंसं वाटायला लागलं होतं, ती खरंच काळजीनं विचारत होती. ते ऐकून मात्र गोजरबाईचा बांध फुटला.

"लागू द्या," ती रडत म्हणाली. "तुमी गेल्या तर खोली माजीच ऱ्हाईल, त्यात काय शंका हाय का? कुलूप लावीन, किल्ली कमरंला खोचीन. पन खोलीसंगं बोलू काय मी दिवसभर?"

मुक्ताबाईनं पुढं होऊन खाटेचं एक टोक धरलं. "उटा," ती म्हणाली. "तुमी बसल्यावर उचलायची कशी?"

टेम्पोवाला चहा पिऊन, दोन शिव्या मनातल्या मनात देऊन, रिकामाच गेला.

त्याच संध्याकाळी गोजरबाईच्या स्वयंपाकघरात पुरण शिजलंच. डाळ सवयीनं सकाळीच भिजत घातली होती, आणि भिजलेली डाळ काही कुणाच्या मनासाठी थांबत नाही. गरम पोळी, वर तूप, वाटीत आमटी, असं ताट घेऊन ती चाळीकडे निघाली. आजवर त्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत ती सरळ आत जायची, दार उघडं असलं काय आणि लोटलेलं असलं काय. बांधली तिच्या नवऱ्यानं, विचारायचं कुणाला? मुक्ताबाईचं दार लोटलेलं होतं. गोजरबाईनं सवयीनं पाय पुढं टाकला, आणि का कोण जाणे, तो मागं घेतला. कडी वाजवली.

"मुक्ताबाई, आत येऊ का?"

आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं, मुक्ताबाई स्वतःशीच हसली.

"थांबा वो जरा," ती आतून म्हणाली. "समदी गाठुडी सोडलीत, लई पसारा झालाय."

"सावकाश व्हऊ द्या," गोजरबाई म्हणाली, आणि ताट धरून दाराबाहेर उभी राहिली.